तुटीच्या पाच फरश्या

मी फरश्या बसवतो. राग माझ्या नाकावरच असतो, म्हणून मुकादमसुद्धा सहसा माझ्या वाटेला जात नाही. पण दुपारच्या सुट्टीत फोन वाजला की मी पार लोण्याचा गोळा.

फोन ठमीचा, माझ्या लेकीचा. तिची आई गेली तेव्हापासून ती दूर मामाकडे असते, आता सहावीत आहे. काम संपलं की मी गाव बदलतो, पोरीला कुठं घेऊन फिरणार? आमचं बोलणं म्हणजे गणित. कशी आहेस, जेवलीस का, एवढं झालं की दोघांचीही वाचा बसायची. पण तिनं "बाबा, एक त्रिकोण आहे" म्हटलं की पुढची सगळी सुट्टी आमची. ती आकृती तोंडानं सांगायची, मी खडूनं जमिनीवर काढायचो, आणि ती डावीकडे म्हणाली की नेमकं उजवीकडे काढून ठेवायचो. मग ती झापायची, थेट आईसारखी. क्षेत्रफळ शिकवताना मी तिला माझ्या भाड्याच्या खोलीची मापं दिली होती, आत काय कुठं आहे तेही सांगितलं होतं. उत्तर काढून म्हणाली, एवढीशीच?

मग ते फरश्यांचं गणित आलं. खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, फरशी चौरस, अर्ध्या मीटरची. किती लागतील? अहो, हे गणित मला! मी त्रेपन्न सांगितलं. अठ्ठेचाळीस बसतात, पाच तुटीला. कापताना एखादी फुटतेच, मागून त्याच रंगाची मिळत नाही. जित्याची खोड, दुसरं काय. बाईंनी फुली मारली. मेव्हण्याचा फोन आला, दाजी, राग मानू नका, तिला शिकवणी लावलीय, तुम्ही आता त्रास घेऊ नका. त्रास! मला इतका राग आला की मी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला.

ठमीचे फोन बंद नाही झाले, पण आखडले. रविवारी यायचा. मला आता सगळं येतं, म्हणायची. मी शाब्बास म्हणायचो, आणि मनात म्हणायचो, एखादं तरी अडू दे गं. डबा खाऊन झाला की फरशीच्या पाठीवर मीच गणितं घालायचो, मीच सोडवायचो. त्यात काही राम नव्हता. तिचं ते झापणं ऐकायला जीव नुसता तुटायचा.

परवा, रविवार नसताना, भरदुपारी फोन वाजला.

"बाबा, एक गणित अडलंय."

मी खडू शोधला. खोली तीन मीटर लांब, अडीच रुंद. एक कॉट, दोन बाय एक. कोपऱ्यात ओटा, शेजारी कपाट. तेवढीच दुसरी कॉट बसेल का? मी काढत गेलो. दारामागे खुंटी आहे, ती म्हणाली, तिच्यावर थैली. गणितात खुंटी कशाला, हल्ली पुस्तकं कोण लिहितं, म्हणून मी करवादलो. खुंटीवरची थैली निळी आहे, ती हळूच म्हणाली, आईनं शिवलेली.

माझा खडू थांबला.

"हे पुस्तकातलं नाही ना, ठमे?"

"नाही." ती म्हणाली. "बसेल का, बाबा?"

आकृतीत बसत नव्हती. क्षेत्रफळ म्हणाल तर भरपूर उरत होतं, पण दार आत उघडत होतं आणि नेमकं नव्या कॉटवर आदळत होतं. शिकवणीवाल्या ताईंनी फुलीच मारली असती.

"बसते," मी म्हणालो. "दार बाहेर उघडणारं करून घेतो."

ती रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, की कॉट डाव्या भिंतीला लावा, डाव्या म्हणजे डाव्याच.

बिजागऱ्या आणायला निघालो तेव्हा मुकादमानं हटकलं. त्याला सांगितलं, पुढच्या कामाला दुसरा माणूस बघ, मी आता हे गाव सोडत नाही.