पेटता कंदील

सुकन्याने मेणबत्ती पेटवून काचेच्या पेटीत यंत्राशेजारी ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

"यंत्र बनवलंय ना आपण? मग ही पूजा कशाला?" वैजनाथ हसला.

अंतराळयानातली हवा बिघडली तर इशारा देणारं यंत्र कोल्हारजवळच्या कॉलेजातल्या या पोरांनी वर्षभर डोकं खपवून बनवलं होतं. पण सुकन्याच्या गावात विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. विझला तर कुणी उतरत नाही.

तिच्या भावाच्या, करणच्या वेळी वडिलांनी, आबांनी, कंदील सोडलाच नाही, असं सारा गाव म्हणे. पाणी उपसायला विहिरीतल्या कपारीत पेट्रोलचं इंजिन ठेवलं होतं. ते बंद पडलं म्हणून करण उतरला आणि त्याचं प्रेतच बाजेला बांधून वर काढावं लागलं. "कंदील सोडला हुता, पेटता हुता," असं आबा घसा फुटेस्तोवर सांगत राहिले. आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. सुकन्याचाही विश्वास बसला नाही, आणि तिने तसं त्यांच्या तोंडावर सांगितलं.

सरांनी नळी जोडून पेटीत थोडा कार्बन मोनॉक्साइड वायू सोडला. यंत्र किंचाळू लागलं.

"सेन्सर गंडलाय," वैजनाथ म्हणाला. "मेणबत्ती बघा की, मस्त जळतेय."

"जळणारच," सर म्हणाले. "हा वायू ज्योतीला काही करत नाही. इंजिनाच्या धुरातही हाच असतो. माणसाला कळतसुद्धा नाही, म्हणून तर यंत्र."

ज्योत तशीच संथ जळत होती. सुकन्याने व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला.

"आबा, कंदील पेटताच हुता. तुमी खरं बोलत हुता. त्यो वायूच तसला असतो."

"न्हाई गं," आबा म्हणाले. "सोडलाच न्हवता मी. औंदा तुझ्या आईला तसं कबूल केलं."

"आबा, पर खोटं कशाला कबूल केलंत?"

"तवापासून बोलती ती माझ्यासंगं." त्यांचा आवाज खाली आला. "आता ते पुन्यांदा उकरू नको, बाई."

मागून आईचा आवाज आला, "अवो, कुनाचा फोन हाय?"

"कुनाचा न्हाई. चुकून लागला," आबा म्हणाले, आणि फोन बंद झाला.