आतून कडी

साहेब, तुमच्या या निवाऱ्यात आमच्या मजल्यावरच्या संडासांच्या कड्या तुम्ही काढायला लावल्यात. आमच्याच भल्यासाठी काढल्या असं तुम्ही म्हणाल, म्हणून तीही बाजू आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, बाई एकतर्फी बोलते.

खालच्या मजल्यावरच्या एका बाईला आत असताना फिट आली. कडी लागलेली. दार फोडेपर्यंत तिच्या कपाळाला खोक पडली होती. ती जगली. तुम्ही घाबरलात, हे मला समजतं. तुम्ही सगळ्या इमारतीतल्या कड्या काढल्यात, आत उघडणारी दारं बाहेर उघडतील अशी फिरवलीत आणि खिळ्याला एक पाटी टांगलीत. एका बाजूने लाल, एका बाजूने हिरवी. आत जाताना लाल करायची. साहेब, घाईच्या वेळी पाटी फिरवायचं भान तुम्हाला तरी राहील का?

मग आम्ही खोकायला लागलो. बाहेर चपला वाजल्या की आतून खोकायचं. एकीचा खोकला बारीक, एकीचा ट्रक सुरू होत नसल्यासारखा. तपासणीला येणारे डॉक्टर एकदा कॉरिडॉरमध्ये कान देऊन उभे राहिले आणि सगळ्या मजल्याला छातीचे फोटो काढायला पाठवलं त्यांनी. फोटो स्वच्छ आले. तरी खोकल्याचं औषध दिलंच. आम्ही पोट धरधरून हसलो.

आत्या हसली नाही. ती खोकतच नव्हती. म्हणायची, "मी आत बसलेय हे जगाला ओरडून कशाला सांगू?"

आत्या माझ्या खोलीतली दुसरी खाट. भावाच्या मुलांची आत्या. भावाचं घर सुटलं, हाक तेवढी राहिली. इथे येण्याआधी ती बसथांब्यामागे पत्र्याच्या आडोशाला राहायची. दिवसभर दाबून धरायचं आणि अंधार पडला की उठायचं, अशी वर्षं काढलेली बाई. अजूनही आतले कपडे टॉवेलखाली झाकून वाळत घालते. खोली मिळाली त्या दिवशी खाटेवर टेकलीसुद्धा नाही. सरळ संडासात गेली. कडी लावल्याचा आवाज आला, काढल्याचा आला, परत लावल्याचा आला. बराच वेळ झाला म्हणून मी दार वाजवलं.

"आत्या, बरी आहेस ना?"

"बसलेय गं," ती आतून म्हणाली. "नुसती बसलेय."

तुम्ही ती कडी काढलीत. नंतर एका सकाळी प्लंबर नळ बघायला आला. पाटी हिरवी होती, त्याने दार ओढलं. आत आत्या. तो चांगला माणूस. "सॉरी मावशी" म्हणत दार लोटून पळाला, दिवसभर मान वर केली नाही त्याने. पण आत्या बाहेर येईना. आली तेव्हा माझ्याकडे न बघता खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

त्या दिवसापासून तिने गोळी सोडली.

आत्याचं हृदय थकलंय. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात. ते उतरायला एक पांढरी गोळी आहे. ती घेतली की लघवीला सारखं पळावं लागतं. हा शब्द वाचून तुम्ही तोंड वाकडं कराल. करा. गोळी घ्यायची तर संडासात जायचं, आणि तिथे कोणीही दार ओढणार. आत्याने हिशोब केला आणि गोळी खिडकीबाहेर टाकायला लागली.

मी म्हटलं, "मी दाराशी उभी राहते, चल."

गेली. मी पहारेकऱ्यासारखी उभी. थोड्या वेळाने आतून आवाज, "तू आहेस का बाहेर?"

"आहे की."

"तू उभी आहेस म्हणून मला होतच नाहीये."

मी कॉरिडॉरच्या टोकाला गेले. ती लगेच बाहेर आली. म्हणाली, "आता कोणी नाही म्हणून भीती वाटते."

पाय खांबासारखे झाले. चार पायऱ्या चढली तरी धाप. औषध देणारी सिस्टर पोरगी चांगली आहे. तिने पायावर बोट दाबलं, खड्डा पडला तो भरेना.

"आजी, गोळी घेताय ना?"

"घेते की."

"मग हे काय?"

आत्याने पाय चादरीखाली ओढून घेतले. सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "कडी लावा, मग घेईल." सिस्टर खाली बघत म्हणाली, "ताई, मीसुद्धा इथे जात नाही. घरी जाईपर्यंत थांबते."

डॉक्टर मात्र तुमचा नियम घेऊन आले. औषध न घेणाऱ्याला खोली ठेवता येत नाही. सोमवारपासून आत्याने सिस्टरच्या समोर गोळी गिळायची, नाहीतर खाट दुसऱ्याला. आणि सगळ्या बायकांसमोर मोठ्याने विचारलं, "आजी, तुम्हाला बरं व्हायचंय की नाही?" आत्याने मान इतकी खाली घातली की मला तिच्या डोक्यावरचा पांढरा भांगच दिसला. संडासाचं नाव तिने काढलं नाही. आळशी, हट्टी, वेडी, काहीही म्हटलेलं तिला चाललं, पण ते नाही.

म्हणून मी तुमच्या ऑफिसात आले. शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत, बसा. बसले. मग मलाही जावं लागलं. त्याने बोट दाखवलं.

तुमच्या संडासाला कडी होती, साहेब. आतून गोल मूठ फिरवायची. बाहेरच्या बाजूला चकती, तिच्या मधोमध एक खाच, आणि खाचेखाली लाल खूण, म्हणजे आत कोणीतरी आहे. मी त्या खाचेकडे बघत राहिले. खिशात नाणं होतं, ते बसवून बघितलं. बरोबर बसलं. फिट आली, कोणी पडलं, तर बाहेरून उघडायची सोय. म्हणजे अशी कडी बाजारात मिळते आणि ती तुम्हाला ठाऊक आहे.

मी नाणं फिरवलं. खूण लाल होती हे मला दिसत होतं. चुकून झालं असं मी म्हणणार नाही.

आत तुम्ही होता.

तुम्ही ओरडला नाहीत. दोन्ही हातांनी शर्ट खाली ओढलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. मी रागाने आले होते. वाटलं होतं, कोणी का असेना आत, आज एकाला तरी कळेल. पण तुमची मान तशीच खाली गेली आणि मला आत्याच दिसली. माझ्या तोंडून तेच निघालं जे प्लंबरच्या निघालं होतं. सॉरी म्हणाले, दार लोटलं आणि जिन्यावरून पळाले. नाणं तुमच्या दारातच पडलं.

घरी येऊन आत्याला सांगितलं. मला वाटलं हसेल, निदान बरं वाटेल तिला. ती खाटेवरून उठून बसली.

"असं का केलंस गं?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी दुसऱ्याचं उघडं पाडायचं?" तिने डोळे मिटले. "त्यांनी नंतर कोणाला तोंड कसं दाखवलं असेल? शिपाईसुद्धा तिथेच असेल."

तुमची काळजी तिने केली, साहेब, ते सुजलेले पाय घेऊन. मी तिच्याकडे बघू शकले नाही. मग ती पिशवी भरायला लागली. चादर, टॉवेल, टॉवेलच्या आत बाकीचं. "मी बसथांब्यामागेच बरी," म्हणाली. "तिथे अंधार तरी असतो."

त्या पायांनी ती तिथे फार दिवस टिकायची नाही. हे डॉक्टरांना माहीत आहे, सिस्टरला माहीत आहे, आता तुम्हालाही आहे.

तुमचा शिपाई आज निरोप घेऊन आला. माझं वर्तन असभ्य होतं, मी लेखी खुलासा करायचा, नाहीतर माझीही खोली जाईल. होतं असभ्य. केला खुलासा, हाच तो. मला त्याची लाज वाटते, आज सकाळी पण वाटली, उद्याही वाटेल. माफी हवी असेल तर तीही समोर येऊन मागते, दाराबाहेर थांबून, दार वाजवून.

आत्याची पिशवी दाराशी आहे. सोमवारपर्यंत थांब म्हणून तिला कसंबसं बसवून ठेवलंय. आता खुलासा तुम्ही करा. तुमच्या दाराला आहे तशी कडी आमच्या दाराला कधी लावताय? आणि लावणार नसाल, तर का नाही, ते इथे येऊन तिच्या तोंडावर सांगा.