तुरटीशेजारची चवली

आरशाखालच्या फरशीवर नाणं ठेवलं की त्याच्याभोवती साबणाच्या पाण्याचं बारीक कडं उमटायचं. संभाजीने आजही दोन आण्यांची चवली तिथेच ठेवली, तुरटीच्या खड्यापासून बोटभर अंतरावर, आणि तो एक पाऊल मागे सरला.

तातेरावने कात्री पुसली. चवलीकडे पाहिलं, पण ती उचलली नाही.

बरकतपुऱ्यातल्या या दुकानाची रीत साधी होती. केस कापल्याचे पैसे दाराशी बसलेल्या मालकाकडे द्यायचे, बक्षिसी कारागिराच्या हातावर. ती घेऊन तातेराव कपाळाला लावी. शेजारच्या खुर्चीतून उठलेल्या मुकुंदराव वकिलांनी आत्ताच तशी दिली होती.

"चाललेच म्हणा औरंगाबादला," तातेराव म्हणाला.

"परवा," संभाजी म्हणाला. "मराठवाडा मुंबई राज्यात जातोय, त्याबरोबर आमची कचेरीही. माणसं, कपाटं, सगळीच वाटून टाकलीत."

"आम्हाला कोण वाटून घेतंय! आम्ही हैदराबादचेच."

"तुला कशाला पाठवतील?" वकील टोपी घालत म्हणाले. "मग माझी दाढी काय मुख्यमंत्री करणार?"

ते हसत बाहेर पडले. मालक चहा सांगायला कोपऱ्यावर गेला होता. दुकानात दोघंच उरले.

"साब, एक बोलू? गुस्सा नक्को करा."

"बोला ना, तातेराव."

"तीन वर्षं झाली. तुमच्या मानेला हात लावतो, गळ्यावर वस्तरा फिरवतो. बोलायला तर तुम्ही अहो-जाहो करता. पण बक्षिसी कधी हातावर दिली नाही. समदे देतात." त्याने खांद्यावरचं फडकं काढून पुन्हा तिथेच टाकलं. "मी बी नांदेडकडचा. मला कळतं. मोठ्या घरचे असाल, आम्हा न्हाव्याचा विटाळ होत असंल. म्हणून तुम्ही गेल्यावरच उचलायचो."

संभाजीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. नाणं खाली ठेवून मागे सरणं हा हात आपसूकच करत आला होता. त्याच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

सात वर्षांचा असताना आई, भागूबाई, त्याला मीठ आणायला धाडायची. उंबऱ्यावर पैसा ठेव आणि मागं सर, एवढंच सांगायची. दुकानदार त्या पैशावर पाणी शिंपडून मग उचलायचा. गावच्या न्हाव्याने तर त्याच्या डोक्याला कधी बोट लावलं नाही. थोरला भाऊ मेंढ्यांच्या कात्रीने त्याचे केस कापायचा, कानामागे जखमा व्हायच्या. म्हणून पहिल्या दिवशी तातेरावने दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते. "कोणाचे तुम्ही?" या प्रश्नावर तो "नांदेडकडचा" एवढंच बोलला. पुढच्या खेपेला सांगू, असं त्याने दर महिन्याला ठरवलं. दर महिन्याला ती बोटं आठवली, आणि राहून गेलं.

आता परवा गाडी. न सांगता गेलं तर काही बिघडणार नव्हतं. तातेरावच्या लेखी तो मोठ्या घरचा, तुसडा माणूस राहिला असता. मोठ्या घरचा. क्षणभर त्याला ते बरं वाटलं. मग कान तापले. आरशात पाहवेना.

त्याने फरशीवरून चवली उचलली. ओली होती. रुमालाने पुसली, मग उगाच पुन्हा पुसली.

"आता राहू द्या, साब," तातेराव ओशाळून म्हणाला. "मी आपलं बोलून गेलो. जायच्या वेळी कशाला..." असं म्हणता म्हणता त्याने हात मात्र पुढे केला होता. तळव्याला साबणाचा वास होता, बोटांच्या पेरांत बारीक केस चिकटलेले होते.

संभाजीने चवली त्या हातावर ठेवली नाही.

"आधी ऐका, तातेराव. मग हात पुढे ठेवायचा की मागे घ्यायचा, ते तुम्ही ठरवा." त्याचा आवाज इतका खाली गेला होता की तातेरावला वाकावं लागलं. त्याने घसा साफ केला आणि दाराशी कुणी उभं असतं तर त्यालाही ऐकू गेलं असतं अशा आवाजात म्हणाला,

"मी हळदगावच्या महारवाड्यातला आहे."