फळ्यावरची पुसलेली ओळ

मी एक जुना फळा आहे. जन्माने मी फळाही नव्हतो. चाकणच्या एका कारखान्यात परदेशातून एक मोठी प्रेस मशीन आली होती, तिच्या लाकडी खोक्याची मी एक बाजू. माझ्या पाठीवर अजूनही काचेच्या पेल्याचं आणि छत्रीचं चित्र आहे. जपून उचला, भिजू देऊ नका, असा त्याचा अर्थ. सगळ्या प्रवासात लोकांनी तो पाळला, कारण आत मशीन होती. मशीन बाहेर निघाल्यावर त्या चित्रांकडे कुणी पाहिलं नाही.

मित्रांनो, पॅकिंग विभागातल्या सुताराने मला काळा रंग दिला, कडेने पट्ट्या ठोकल्या आणि कॅन्टीनच्या भिंतीवर टांगलं. माझ्यावर जेवणाचे पदार्थ लिहिले जात, उत्पादनाचं टार्गेट लिहिलं जाई, कुणाचे वडील गेले तर तेही लिहिलं जाई. दर मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला की मला ओल्या फडक्याने पुसून झेंडूची माळ घालत. घोषवाक्यांच्या, कवितांच्या, कथांच्या स्पर्धा होत. ते माझे कौतुकाचे दिवस.

एका वर्षी मॅनेजरसाहेबांनी क्वालिटी विभागातल्या मिनलला सांगितलं, की कामगारांना जरा लिहायला शिकवा, दरवर्षी तीच तीच यमकं ऐकून पाहुणे कंटाळतात. मिनल दिघीची. तिचे वडील भोसरीच्या कंपनीत आयुष्यभर लेथवर उभे राहिले होते. ती मोजून बोलायची. पहिली शिफ्ट सुटल्यावर उशिराच्या बसने जाणारे कामगार चहा घेऊन माझ्यासमोर बसू लागले.

तिने माझ्यावर पहिल्या दिवशी लिहिलं: एक माणूस. त्याला काहीतरी हवं आहे. काहीतरी आडवं येतं.

"एवढंच?" पेंट शॉपमधला गणराज म्हणाला. "मला शिफ्ट बदलून हवीय. आडवा सुपरवायझर येतो. झाली की मॅडम कथा!"

"झाली. आता शेवट सांगा."

"शेवट माझ्या हातात असता तर इथे बसलो असतो का?"

सगळे हसले. याच गणराजने 'रंगात रंगले माझे हात' अशी कविता आणली, तेव्हा मिनलने विचारलं, "कोणता रंग?"

"गाडीचा. पांढरा."

"तो कुठे राहतो?"

"नखांत. घासून निघत नाही."

"जेवताना?"

त्याने नखांकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाताला लागत असेल. पण दिसत नाही ना, भातही पांढराच." मिनलने तेवढंच माझ्यावर दोन ओळींत उतरवलं आणि म्हणाली, "ही कविता." त्या दिवशी कुणी चहाचा पेलाही वाजवला नाही. एखाद्या फळ्याला यापेक्षा अधिक काय हवं असतं?

मग भैरू आला. तो मूळचा चाकणचाच. ज्या जागेवर कंपनीचं शेड उभं आहे, तिथे त्याच्या आजोबांची बाजरी असे. तो प्रेसवर होता. ज्या मशीनच्या खोक्यातून मी निघालो, त्याच प्रेसवर. हात आत असला तर मशीन थांबवणारा एक सेन्सर तिला होता, आणि तो चालू असल्याचा हिरवा दिवा कोपऱ्यात लागे. भैरूच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसखाली गेली. तो परत आला तेव्हा त्याला स्टोअरमध्ये बसवलं होतं आणि चौकशी चालू होती. चूक कुणाची, हे ठरायचं होतं. त्यावर त्याची नोकरी राहणार की जाणार, हे अवलंबून होतं.

"ताई, मला एकच लिहायचंय," तो म्हणाला. "सेन्सर बंद व्हता. टार्गेटसाठी बंद ठेवायला लावला व्हता. म्या बोललो व्हतो. आत चौकशीत कुनी ऐकत न्हाई. समद्यांम्होरं वाचलं तर ऐकत्याल."

मिनलने ते वाक्य माझ्यावर लिहिलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भैरूभाऊ, हे खरं आहे. पण ही तक्रार आहे, कथा नाही. तक्रार ऐकून लोक उठून जातात. कथा ऐकायला बसतात."

"मंग कथा करा."

"त्या वेळी तुमच्या मनात काय होतं?"

"काय बी न्हाई. पत्रा व्हता."

"माणूस नुसता पत्रा बघत नाही. घरी काय चाललं होतं?"

"लेकीचं गॅदरिंग व्हतं. तेजस्विनीचं. त्याच आठवड्यात."

"मग ते घेऊ. पात्राकडून काहीतरी निसटलं, की वाचणारा त्याच्या जवळ जातो."

"आन् सेन्सर?"

"सांगायचा नाही, दाखवायचा. हिरवा दिवा विझलेला आहे, एवढंच लिहा. वाचणारा समजून घेतो."

आणि तिने फडकं उचलून ती ओळ पुसली. मला फडक्याची सवय आहे. पण भैरू त्या ओल्या पट्ट्याकडे तो वाळेपर्यंत बघत होता.

मित्रांनो, कथा उत्तम झाली. वडील प्रेसवर आहेत, कानात लेकीचं गाणं आहे, कोपऱ्यातला हिरवा दिवा विझलेला आहे, हात पत्र्यापाशी क्षणभर रेंगाळतो. शेवटी मुलगी बाबांचा हात धरते, तेव्हा रिकाम्या जागी तिची बोटं बसतात. सुरक्षा सप्ताहाच्या कार्यक्रमात भैरूने ती वाचली. पाहुण्यांनी डोळे पुसले. पहिलं बक्षीस मिळालं. मिनलने सुंदर अक्षरात ती संपूर्ण कथा माझ्यावर लिहिली, खाली भैरूचं नाव घातलं. मला माळ घातली. मनुष्यबळ विभागाच्या दादासाहेबांनी माझा फोटो काढला. मला वाटलं, कौतुकासाठी.

पुढच्याच आठवड्यात चौकशी संपली. अपघाताच्या वेळी कामगाराचं लक्ष विचलित झालं होतं, तसं त्याने स्वतः सर्वांसमोर सांगितलं आहे, असा निष्कर्ष निघाला. सोबत माझा फोटो जोडला होता. भैरूला कामावरून कमी केलं.

मिनलने दादासाहेबांना माझ्यासमोरच गाठलं. ते पोहे खात होते.

"सर, ती कथा आहे. गॅदरिंगचं मी घालायला लावलं."

"पण नाव त्याचं आहे ना मॅडम? वाचली त्यानेच."

"त्यात हिरवा दिवा विझलाय असं स्पष्ट लिहिलंय. सेन्सर बंद होता, म्हणून विझलाय."

दादासाहेबांनी लिंबू पिळलं. "ते वातावरण झालं. तुम्हीच शिकवलंत ना, वातावरणनिर्मिती?"

 मिनलने समजून घेणारा वाचक गृहीत धरला होता. समजूनही न समजल्यासारखं करणारा वाचक तिच्या धड्यात नव्हता.

त्यानंतर माझ्यासमोर कुणी बसलं नाही. भिंतीवर टीव्हीचा पडदा आला. मला सायकल स्टँडमागे भंगारात उभं केलं, पेल्याचं आणि छत्रीचं चित्र पावसाकडे करून. मिनलने नोकरी सोडली, तेव्हा जाताना मला मागून घेतलं आणि टेंपोत घालून दिघीला नेलं. तिथल्या विहारात रविवारी ती मुलांना लिहायला शिकवते. तुम्ही तीच मुलं. म्हणून तुम्हाला हे सांगतो आहे.

परवा तुम्ही घरी गेल्यावर भैरू आला होता. आता तो मोशीला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. त्याने खडू मागितला आणि डाव्या हाताने माझ्या वरच्या कोपऱ्यात सावकाश लिहिलं: सेन्सर बंद होता. बंद ठेवायला लावला होता.

मिनल हळूच म्हणाली, "भाऊ, आपण ही कथा नीट परत लिहूया."

"नगं ताई. हितं दाखवायचं काय बी न्हाई. सांगायचंच हाय."

तो गेला. ज्या भिंतीवर ती ओळ राहायला हवी होती, तिथे आता पडद्यावर टार्गेट झळकतं. इथे ती वाचायला कोणी साहेब येत नाही. त्या ओळीने कुणाची नोकरी परत येणार नाही.

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर पुष्कळ लिहाल. पात्रं आणाल, प्रसंग रचाल, नको त्या ओळी काढाल. काढायलाही हव्यात. पण दुसऱ्याची गोष्ट हातात घ्याल, तेव्हा फडकं उचलण्याआधी त्याला विचारा, की यातली कोणती ओळ तुला हवीच आहे. आणि ती बेढब असली तरी राहू द्या. माझा वरचा कोपरा तेवढा पुसू नका. खडू हवेनेही उडतो. त्याला आपण हात लावायची गरज नसते.