किरमिजी ढग

क्विल्टरने स्टुलावर चढून उन्हासाठी अलीकडेच चित्रावर लावलेला हिरवा पडदा बाजूला सारला आणि खाली उतरता उतरता म्हणाला, "बघा मिस गॅरड. आभाळ पार विटलंय. गावात सगळे म्हणतात, ही खाडी तुमच्याइतकी छान कुणी रंगवत नाही. जरा हात फिरवून द्या."

नगरभवनाचा हा कारकून तसा भला माणूस होता. त्याने टेबलावर पाण्याचा पेला, फडकं आणि चहासोबत केकचा तुकडाही आणून ठेवला होता.

लेटिस गॅरडने हातमोजे काढले, रंगपेटी उघडली आणि तीन पावलं मागे सरून चित्र पाहिलं. ओहोटीची खाडी, चिखलात कलंडलेली होडी. खाली सही: अँब्रोज पेटिंगिल. तो स्वतः शेजारीच खुर्चीत बसला होता, वयाची ऐंशी गाठलेला, गुडघ्यांवर शाल. एके काळचा तिचा गुरू.

तेवीस वर्षांची असताना तिने अशीच एक खाडी रंगवून लंडनच्या प्रदर्शनाला पाठवायला त्याच्या हाती दिली होती. कोपऱ्यात तिची सही होती, पाखरांनी पंख पसरावेत तशी सुटी सुटी अक्षरं. पेटिंगिलने ती चाकूने खरवडली, वर स्वतःचं नाव घातलं आणि पदक घेऊन आला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. ती जाब विचारायला गेली तेव्हा म्हणाला होता, "बाईच्या नावाने चित्र लावलं असतं का कुणी? लागलं ना भिंतीवर? मग झालं."

त्यानंतर पदकवाल्या पेटिंगिलकडे गावाने नगरभवनासाठी मोठं चित्र मागितलं. त्याच्या हातून होईना. तो पुन्हा तिच्याच दारात आला आणि त्याच्या नावाने हे चित्र रंगवून द्यायला ती लगेच हो म्हणाली. आपण किती सहज हो म्हणालो, याचं तिला अजून हसू येई. त्या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. तेवढ्या काळात तिने पाद्र्याच्या मुलींना गुलाब काढायला शिकवले, उन्हाळी पाहुण्यांसाठी वीतभर खाड्या रंगवल्या, आणि दर महिन्याला न चुकता इथे येऊन हे आभाळ पाहिलं.

"रंग उडाला, त्याला मी काय करू?" पेटिंगिल कुरकुरला.

"तुम्हीच शिकवलं होतंत, सर. किरमिजी म्हणजे पाहुणा, निघून जातो; गेरू म्हणजे घरचा माणूस, टिकून राहतो. किरमिजी वापरला तर चित्र उन्हात ठेवू नये."

"मग इथे खिडकीत टांगायला कुणी सांगितलं?"

"मीच. अंधारात कोण बघणार सर, म्हटलं होतं. तुम्हाला पटलं."

क्विल्टर चित्राला नाक लावून उभा होता. "पण गंमत बघा, खिडकीकडच्या ढगात पाखरं उमटलीत. तांबूस. आधी नव्हती, शपथेवर सांगतो. सात आहेत."

"मी पाखरं काढलीच नव्हती," पेटिंगिल म्हणाला.

"नीट बघा ना, सर."

क्विल्टरने खुर्ची पुढे सरकवली. म्हाताऱ्याने चष्मा पुसला. त्याचे ओठ हलू लागले, एकेका पाखरावर थांबत. इंग्रजीत 'लेटिस'ची अक्षरं सात होतात. सातव्यावर त्याचे ओठ मिटले आणि शाल गुडघ्यांवरून घसरली.

क्विल्टर चहाची किटली आणायला गेला, तेवढ्यात पेटिंगिलने तिची बाही धरली.

"लेटी, एक हात मार गं वरून. चांगला जाड. माझे किती दिवस राहिलेत?"

तिच्या छातीत इतक्या वर्षांची आग होती. ती थंड होईल असं तिला वाटलं होतं, तशी ती झाली नाही. तिने कुंचला पाण्यात बुडवला. मग तिने कुंचला फडक्यावर पुसला, टोक बोटांनी नीट केलं आणि पेटी मिटली.

"चाकू तुमचा होता, सर. माझ्याकडे फक्त ऊन होतं."

क्विल्टर किटली घेऊन आला. "झालंसुद्धा?"

"काही करायची गरज नाही. तेवढा पडदा मात्र काढून टाका."

"अहो, मग उरलासुरला रंगही जाईल!"

"जाऊ द्या. पाखरं गेरूची आहेत, ती कुठे जात नाहीत." हातमोजे चढवत ती म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? थव्यातली सहा अजून यायचीत."

"सहाच कशावरून?" क्विल्टर हसला.

"सरांना विचारा. त्यांना माझं आडनाव लिहिता येतं."

क्विल्टरने पेटिंगिलकडे पाहिलं. मग चित्राकडे. मग तो हळूच पुन्हा स्टुलावर चढला आणि पडद्याच्या कड्या एकेक करून काढू लागला.