बसून ऐकावं असं

मुरुडच्या आमच्या बँडला लोक वाजंत्री म्हणायचे आणि मला निवृत्ती मास्तर. मास्तर म्हणायचे ते बरोबरच होतं. माझ्यासारखा कान आसपासच्या तालुक्यांत कुणाला नव्हता. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

आमच्यात सॅक्सोफोन वाजवायचा शिवमूर्ती, लातूरच्या कापडवाल्या गुरुपादप्पांचा मुलगा. दुकानात कापड मोजायचं सोडून तो वरातीपुढं चालू लागला, म्हणून बापानं त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. मी सोबत होतो.

"वरातीत कुणी ऐकतंय व्हय तुमचं?" गुरुपादप्पा म्हणाले. "लोकं नाचतेत, घोडं बुजतंय. माणसानं बसून ऐकावं असं एकदा वाजव. मग ये घरी."

शिवमूर्ती खाली मान घालून निघाला. मला मात्र ते असं झोंबलं, की मुरुडपर्यंत मी एसटीत तेच घोकत राहिलो. माझ्या बँडला न ऐकण्यासारखं म्हणतो म्हणजे काय!

बसून ऐकण्यासारखं माझ्या डोक्यात एक होतंही. बहात्तरच्या दुष्काळात लग्नं बिनवाजंत्र्यांची लागली आणि सगळा बँड तलावाच्या कामावर माती वाहू लागला. भरलेलं टोपलं घेऊन चढताना माणसांची पावलं जड पडायची, रिकामं घेऊन उतरताना हलकी. पोटात अन्न नव्हतं, पण ती चाल माझ्या कानात जाऊन बसली. त्यावर मी एक मोठी चीज बांधत आणली होती. सॅक्सोफोननं एकट्यानं सवाल टाकायचा, सगळ्या बँडनं जवाब द्यायचा. सिनेमाचा एक सूर त्यात नव्हता.

मग ब्याऐंशी साली लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघून जिल्हा झालं. पावसानं त्याही वर्षी डोळे वटारले होते, पण लातूरकरांची छाती फुगलेली होती. एका मैदानावर सोहळा ठरला, आम्हाला बोलावणं आलं आणि व्यापाऱ्यांच्या रांगेत गुरुपादप्पाही बसणार असं कळलं.

मी मंडपवाल्याकडून स्टेजवर खुर्च्या मांडून घेतल्या. लोकांनी बसून ऐकायचं, म्हणजे आपणही बसूनच वाजवायचं, असं माझं शहाणपण. आमची तालीम व्हायची रीतीप्रमाणे गावाबाहेरच्या रस्त्यावर, चालत चालत. खुर्चीवर बसून आम्ही जन्मात वाजवलं नव्हतं.

शिवमूर्तीनं सवाल टाकला तसं मैदान गप्प झालं. जवाब आला आणि माझं तोंड काळं व्हायची वेळ आली. ट्रंपेट पुढं, क्लॅरिनेट मागं, ढोल भलतीकडंच. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, सिनेमाचं होऊ द्या एखादं!" गुरुपादप्पा पायानं खुर्चीखालची चप्पल चाचपू लागले. शिवमूर्तीनं ते पाहिलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भुजंग्या, काय व्हायलंय हे?" मी ढोलवाल्यावर खेकसलो.

"मास्तर, पाय बसलेत माझे," भुजंग रडकुंडीला येऊन म्हणाला. "हात कसे चालतील?"

चालीला चाल म्हणतात ते उगाच नाही, हे मला तेव्हा उमगलं. मी माझी खुर्ची लाथाडली. "उठा! खाली उतरा, चाला! शिवमूर्ती, तू जागा सोडू न्हको. पयल्यापासनं घे!"

सगळा बँड मैदानाला फेरा घालत निघाला. स्टेजवरून एकटा सॅक्सोफोन विचारायचा आणि जवाब कधी पार टोकाकडून यायचा, कधी लोकांच्या कानाशी. पावलं जड पडली, मग हलकी झाली, आणि ढोल त्यांच्या बरोबर चालला. मी बांधलं होतं, त्याहूनही चांगलं झालं होतं. सतरंजीवरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगं, टोपलं घेऊन चढल्यावानी वाटायलंय." बँड मास्तरचे डोळे भर मैदानात भरून आले, हे कबूल करायला मला लाज नाही.

आणि गुरुपादप्पा उठले. निघाले वाटतं, असं मला वाटलं. तर ते चप्पल तिथंच टाकून, धोतर सावरत, भुजंगच्या ढोलामागं चालू लागले. त्यांना बघून बाकीचे व्यापारी उठले, मग सतरंज्या रिकाम्या झाल्या. स्टेजवर शिवमूर्तीचा श्वास तुटला. बापानं खालूनच हात वर केला, "वाजव, वाजव!" शेवटचा सवाल त्यानं असा लांबवला, की मीही ऐकत राहिलो.

संपल्यावर तो खाली उतरून अनवाणी बापापुढं उभा राहिला.

"बसून ऐकावं असं वाजव म्हणलो होतो तुला," गुरुपादप्पा म्हणाले.

"हाव, अप्पा."

"बसू कुठं दिलास?"

त्यांनी शिवमूर्तीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"मास्तर, समदा बँड घेऊन चला घरला, जेवायला. आन् मुकाट्यानं न्हाई, वाजवत चला. बाजाराला कळू द्या, कुणाचं पोरगं घरी यायलंय."