रिकाम्या पिशवीची धून

घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. जेवताना तिचा एक पाय टेबलाखाली झुलायचा, अभ्यास करताना पेन्सिल बोटांतून फिरायची आणि झोपेतसुद्धा ती पलंगाचे चारही कोपरे पाहून यायची. "हिला जन्मतः किल्ली देऊन पाठवलंय," असं आई म्हणायची.

पण एका बाबतीत ही भिंगरी भारी चिकाटीची होती. तिच्याकडे एक जाड पुठ्ठ्याची वही होती. वही तिची आणि दादाची, दोघांची. सिनेमात, मालिकांत आणि खेळांत माणसं बोलत असताना मागे हळूच जे वाजत असतं, ते त्या वहीत जमा व्हायचं. "माणसं काय बोलतात ते सोड," दादाने तिला फार पूर्वी शिकवलं होतं, "त्यांच्या मागे काय वाजतंय ते ऐक." ऐकलेली धून दादा खिशात मावणाऱ्या रेकॉर्डरवर टिपायचा. रेकॉर्डर स्पीकरला टेकवून म्हणायचा, "आता तोंडाने श्वास घेऊ नकोस, तोही येतो." मग वहीत नोंद व्हायची. गुप्तहेराच्या मालिकेत जिना चढतानाचं व्हायोलिन. हवामानाच्या बातम्यांआधीचे सहा सूर. सिनेमातली एक बाई नुसतीच खिडकीशी सफरचंद सोलत बसते, तेव्हाची बासरी. नियम एकच होता, दोघांनी ऐकलेली धूनच वहीत जाईल. एकट्याचं ऐकणं धरायचं नाही.

वहीतलं सर्वांत मोठं प्रकरण टीव्हीला जोडून खेळायच्या एका जुन्या व्हिडिओ खेळाचं होतं. त्यात एक छोटा पोस्टमन पाठीवर पिशवी घेऊन पाण्यात अर्ध्या बुडालेल्या गावातून पत्रं वाटत हिंडतो. खेळ कधी फारसा गाजला नव्हता. पण त्याचं संगीत असं होतं की पायऱ्यांवर एक, होडीत दुसरं, घंटाघराखाली तिसरं, आणि पोस्टमन पळू लागला की त्याच धुनेखाली ढोलकं वाजायला लागायचं. एकतीस धुना दोघांनी मिळून गोळा केल्या होत्या. इंटरनेटवर या खेळाचे जे चार-दोन वेडे होते, त्यांच्याही यादीत एकतीसच होत्या.

भिंगरीच्या वहीत मात्र बत्तीस आकडा होता. त्याच्यापुढे पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह, आणि बाकी ओळ कोरी.

ती पाच वर्षांची असताना तापाने फणफणून खालच्या सतरंजीवर पडली होती. दादा खेळत होता. दाराची घंटी वाजली, दादा उठून गेला, दारातच मित्राशी गप्पा मारत उभा राहिला. आणि तेवढ्यात पडद्यातून काहीतरी वाजलं. निळं. तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता. दुरून कोणीतरी पाण्यावरून चालत येतंय आणि पाय भिजत नाहीत, असं काहीतरी. दादा परत आला, त्याने खेळाचा रिमोट उचलला आणि ते थांबलं.

"तापात ऐकलंस तू," दादा म्हणाला होता. सहा वर्षं झाली, तो हेच म्हणत होता.

आता दादा दुसऱ्या शहरात नर्सिंग शिकत होता. दिवसा वर्ग, रात्री वॉर्ड. परवा फोनवर तो म्हणाला, "रविवारी येतोय. दुपारची बस आहे परतीची, पण तेवढ्यात त्या वहीचा निकाल लावून टाकू. एकतीस लिहायचं, खाली रेघ मारायची, संपलं."

"आणि बत्तीस?"

"अगं, किती दिवस ते तापाचं भूत मानेवर घेऊन फिरणार?"

फोन ठेवल्यावर ती घरभर फिरली. एकदा ती रेघ मारली की तिने ऐकलं ते कायमचं खोटं ठरणार होतं. आणि दादाने खोटं म्हटलं की तिला स्वतःलाही ते खोटं वाटू लागायचं. हेच तिला सोसवत नव्हतं.

मग तिने सपाटा लावला. शाळेतून आली की दप्तर भिरकावायचं आणि पोस्टमनला पळवायचं. प्रत्येक गल्ली, प्रत्येक गच्ची, विहिरीच्या आत, होडीच्या खाली. ढोलकं नुसतं बडवून निघत होतं. मागे आरामखुर्चीत आजोबा बसलेले असत. ते आईचे वडील. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते इथेच राहत होते. आयुष्यभर त्यांनी सिनेमाघरात प्रोजेक्टर चालवला होता. पडद्यावरचं आता त्यांना नीट दिसत नसे, म्हणून ते डोळे मिटून ऐकत.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाळ, हा माणूस इतका का पळतोय? कुत्रं मागे लागलंय का?"

"मी शोधतेय, आजोबा."

"काय?"

तिने सगळं सांगितलं. आजोबांनी हसण्यावारी नेलं नाही. ते मास्तरांसारखे एकेक प्रश्न विचारू लागले.

"त्या दिवशी पोस्टमन कुठे होता?"

"पुलावर. निळ्या कठड्याच्या."

"काय करत होता?"

"काहीच नाही. दादा दाराकडे गेला होता ना."

"आणि तू?"

"मी पडलेली."

"म्हणजे कोणीच काही करत नव्हतं," आजोबा म्हणाले. "बरं, पिशवीत पत्रं किती होती?"

भिंगरीने डोळे मिटले. सतरंजीचा खरखरीत काठ गालाला लागला, पडद्याचा कोपरा दिसला. "एकही नाही. नुकतंच शेवटचं दिलं होतं. मला आठवतंय, पिशवी चपटी झाली होती."

"शेवटचं पत्र दिल्यावर लोक काय करतात?"

"बंद करतात. खेळ संपतो ना."

आजोबांनी खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. "आमच्याकडेही असंच व्हायचं. सिनेमा संपला की खुर्च्या खटाखट मिटायच्या, दारं उघडायची, लोक चपला शोधायचे. पडद्यावर नुसती नावं सरकत असायची आणि त्यांच्याखाली वाजायचं ते सगळ्यांत सुंदर. पिक्चर कितीही टाकाऊ असो. ऐकायला कोण? मी, आणि झाडणाऱ्या बाई. मालक ओरडायचे, बंद कर, वीज जळतेय. मी सांगायचो, साहेब, रीळ मध्येच थांबवलं तर खराब होतं."

"होतं?"

"कुठलं! पण मालकांना काय कळतंय."

"मग तुम्ही जमवलं का ते?"

"जमवलं की." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं, आणि एक लहानशी धून शिट्टीवर वाजवून दाखवली. इतकी हलकी की उशीवर ठेवली तर खळगा पडू नये. "बाळ, तुझा पोस्टमन कामावर असताना कामाचीच गाणी वाजणार. त्याला एकदा सुट्टी देऊन बघ."

भिंगरीने त्याच संध्याकाळी शेवटचं पत्र पोहोचवलं, पोस्टमनला पुलावर उभं केलं आणि रिमोट खाली ठेवला. एका मिनिटाने पोस्टमन बसला. हे खेळणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग ढोलकं थांबलं, मग तारेचा सूर थांबला, मग सगळंच थांबलं. शांत. पाच मिनिटं नुसती शांतता. भिंगरीने हात मांड्यांखाली दाबून धरले. सातव्या मिनिटाला पोस्टमनने पिशवी उशाला घेतली आणि तो आडवा झाला.

आणि पडदा काळा पडला.

"अगं, इस्त्रीला प्लग नको का?" आई दारात उभी होती, हातात वायर. ती कपडे बेतून, दुरुस्त करून द्यायची आणि चार पँटच्या दुमडी तिला आठ वाजेपर्यंत बसवून हव्या होत्या. "काय झालं? असं काय बघताय दोघं? मी काय घर जाळलं का?"

आईने गुपचूप प्लग परत लावला, पण खेळाचं यंत्र काही सुरू होईना. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी ते उघडलं, फुंकलं, भिंग पुसलं, आणि मान हलवली. "म्हातारं झालंय. एकदा चालेल, फार तर दोनदा. नंतर माझ्या नावाने शंख करू नका."

म्हणून ती एक वेळ तिने रविवारसाठी राखून ठेवली. त्या चार दिवसांत तिने यंत्रावर टॉवेल घालून ठेवला, जणू तेही तापात होतं.

दादा आला तो डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. बॅग त्याने दाराशेजारच्या खुंटीला अडकवली, रेकॉर्डर तिच्यातच. रात्रभर वॉर्डात उभा होता. जेवताना त्याचा घास दोनदा तोंडापाशी थबकला.

"आधी झोप जरा," आई म्हणाली.

"नको, नको. हिचा निकाल लावायचाय." तो सतरंजीवर बसला. "बोला भिंगरीबाई. काय करायचंय?"

"शेवटचं पत्र टाकायचं, पुलावर जायचं, आणि काही करायचं नाही."

"काही करायचं नाही? हे तुला जमणार?"

"तुझ्यापेक्षा बरं."

यंत्र खोकल्यासारखा आवाज करून सुरू झालं. दादाने जुन्या सवयीने भराभर गल्ल्या ओलांडल्या, शेवटचं पत्र दिलं, पिशवी चपटी झाली. पुलावर येऊन पोस्टमन थांबला. दादाने रिमोट छातीवर ठेवला, त्यावर हात ठेवला आणि डोकं भिंगरीच्या मांडीवर टेकलं. "किती वेळ?"

"माहीत नाही. सात मिनिटांच्या पुढे कोणीच गेलेलं नाही."

"बरं."

पोस्टमन बसला. ढोलकं गेलं, तार गेली. खिडकीचा पडदा फुगून पुन्हा सपाट झाला. पोस्टमनने पिशवी उशाला घेतली. भिंगरीने खाली पाहिलं. दादाही झोपला होता, ओठ थोडे उघडे, अंगठा रिमोटच्या काठीवर टेकलेला.

त्याला उठवलं, तर अंगठा हलणार आणि सगळं मोडणार. नाही उठवलं, तर त्याच्या उशाशी वाजून जाईल आणि तो म्हणेल, मी नाही ऐकलं, रेघ मार. रेकॉर्डर खुंटीवर, फोन त्याच्याच अंगाखाली. उठायचं तर त्याचं डोकं हलवायला हवं. तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण त्यांनी एक बोट वर केलं. थांब.

ती थांबली. दहा मिनिटं झाली असतील. मांडीला मुंग्या आल्या, मग मांडी कोणा दुसऱ्याचीच असल्यासारखी झाली. पडद्यावरचं पाणी हळूहळू काळोखलं आणि त्यात एकेक खिडकी उजळू लागली. ज्या ज्या घरात पोस्टमनने पत्र दिलं होतं, त्या त्या घरात कोणीतरी दिवा लावून पत्र वाचत होतं. आणि प्रत्येक खिडकीतून एकेक सूर निघत होता. पाण्यावरून चालत, पाय न भिजवता.

निळं. तेच.

भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही, हात हलला असता. आजोबांचं वर केलेलं बोट आता हवेत संथ हलत होतं. दारात आई उभी होती, हातात इस्त्रीची वायर तशीच लोंबत. दादाचा श्वास चालला होता, आणि त्या श्वासावर ती धून एकदा पूर्ण वाजली, मग पुन्हा एकदा, मग एकेक खिडकी विझली आणि यंत्रातून टक् असा आवाज येऊन पडदा करडा झाला.

तिने त्याला उठवलं नाही. बसची वेळ झाली तेव्हा आईनेच उठवलं.

"अरे देवा! झोपलो मी? झालं का? वाजलं?"

"वाजलं," भिंगरी म्हणाली.

दादाने आजोबांकडे पाहिलं. "आजोबा, खरंच?"

"मला विचारू नकोस. तुमच्या वहीचा नियम तुमचा आहे."

दादा ओशाळला. त्याने यंत्राचं बटण दोनदा दाबलं, यंत्र ढिम्म. भिंगरी वही घेऊन दाराशी जाऊन बसली. तिने रेघ मारायला पट्टीसुद्धा आणली होती. नियम म्हणजे नियम. तिने ऐकलं होतं, आता तिला स्वतःला शंका नव्हती, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला तेवढं पुरेसं वाटलं. तिने पट्टी एकतिसाव्या ओळीखाली धरली.

दादा उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. अजून अर्धवट झोपेत, चुकीच्या भोकातून नाडी ओवत. आणि नाकातल्या नाकात तो काहीतरी गुणगुणत होता.

पेन्सिल कागदावर टेकली, पण सरकली नाही.

"दादा, काय गुणगुणतोयस?"

"काय माहीत." तो थांबला. "झोपेत कुठेतरी... लोक खिडकीत बसून काहीतरी वाचत होते. विचित्र स्वप्न होतं." त्याने पुन्हा गुणगुणून पाहिलं. तिसऱ्या सुराला तो जरा खाली उतरला.

"तिथे खाली नाही," भिंगरी म्हणाली. "वर जातं ते."

दादाने वर पाहिलं. त्याच्या हातातली नाडी सुटली.

"अंगात ताप आहे का रे तुझ्या?" भिंगरीने गंभीरपणे विचारलं आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आजोबा आरामखुर्चीत इतके हसले की त्यांना ठसका लागला. दादा मात्र हसला नाही. तो तसाच एका बुटाने लंगडत खुंटीपाशी गेला, बॅगेतून रेकॉर्डर काढला आणि तो बहिणीच्या आणि स्वतःच्या मध्ये जमिनीवर ठेवला.

"आई, पुढची बस कितीची?"

"सहाची."

"सहाची पकडतो." त्याने लाल बटण दाबलं. "चल, पहिल्यापासून म्हण. मी मागून येतो. आणि तोंडाने श्वास घेऊ नकोस."

"मग म्हणू कशाने?" भिंगरी म्हणाली.

रेकॉर्डरवर तेही आलं.